पिवळी गाता गाता थांबते

पिवळी मूळची जपानी आहे असं एका शहाण्याने इंटरनेटवर लिहिलं, तेव्हा मी चहाचा कप टेबलावर आपटला. म्हणे तिच्या चेहऱ्याचा पिवळा रंग कुठल्याशा जुन्या जपानी दंतकथेतून आलाय. अरे बाबा, ती हळद आहे. भिवंडीच्या बाजारातून आणलेली, दीक्षाच्या चुलतबहिणीच्या तोंडाला फासलेली आणि फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवलेली साधी हळद. ती बिचारी मुलगी पुढे आठवडाभर कॉलेजात पिवळी होऊन फिरत होती.

पिवळी म्हणजे आमच्या ‘रिकामा मांडव’ या भुताच्या गेममधली खलनायिका. आमच्या म्हणजे तिघांच्या. मी मनाली, गेमची गोष्ट लिहिणारी. माझा धाकटा भाऊ हितेश, आवाजाचं सगळं बघणारा. आणि दीक्षा, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. चित्रं तिची, प्रोग्रॅमिंगही तिचंच, त्यामुळे खरं तर गेम तिचाच म्हणायला हवा, पण मी तसं तिच्या तोंडावर कधी म्हणत नाही. मानकोली नाक्याच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथल्या आमच्या शेतजमिनीवर आता पप्पांचे गोडाऊनचे गाळे आहेत, आणि त्यातल्या एका गाळ्यावरच्या खोलीत आम्ही बसतो. खाली दिवसभर कंटेनर मागे घेताना टुई टुई वाजत असतात. या खोलीचंही भाडं आलं असतं, हे पप्पा आम्हाला जेवताना आठवणीने सांगतात.

गेम सोपा आहे. तुम्ही एका ओसाड गावात अडकलाय. गावभर लग्नाचे मांडव आहेत आणि सगळे रिकामे. तुमच्या हातात एक दिवा, आणि उजाडायच्या आत बाहेर पडायचंय. तेवढ्यात लांबून एका बाईचा आवाज येतो: ‘खारीचे पल्यार गो, दिवा कोनी लावला.’ खाडीच्या पलीकडे दिवा कोणी लावला, एवढंच ती विचारते. आणि गप्प होते. एकदम गप्प. तुम्ही हातातल्या दिव्याकडे बघता. पुढची ओळ येते ती जवळून येते. मग पुन्हा शांतता. शेवटी पिवळ्या लुगड्यातली, तोंडभर हळद माखलेली ती बाई तुमच्यासमोर उभी राहते, दोन्ही हात तुमच्या गालांवर ठेवते, सगळा स्क्रीन पिवळा होतो आणि तुम्ही मेलात.

आम्ही गेमचा पहिला भाग फुकट सोडला होता. कानपूरचा एक मुलगा तो लाइव्ह खेळत होता. पिवळी गाता गाता थांबली तसा तो कुजबुजला, “भाई, ये चुप क्यों हो गई,” आणि खुर्चीसकट मागे पडला. ते पडणं जगाने डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी हितेशचा फोन इतका वाजत होता की त्याने तो तांदळाच्या डब्यात ठेवला. ब्राझीलमध्ये कोणीतरी पिवळीचं चित्र दंडावर गोंदवून घेतलं. आम्ही तिघं खोलीत अक्षरशः नाचलो, आणि खालचे हमाल वर बघायला आले की छत का हलतंय.

मग सगळ्यांना एकच प्रश्न पडला: पिवळी आहे कोण? ती मेली कशी, तिने काय केलंय, आणि ती थांबते का? थांबण्यावर तर लोकांनी तासतासभराचे व्हिडिओ केले. सगळ्यात लाडकी कल्पना अशी की त्या शांततेत ती तुमचा श्वास ऐकत असते. पोरं तोंड दाबून खेळायला लागली. मुलाखतीत मला विचारलं की मी गूढ हसायचे आणि म्हणायचे, कळेल, कळेल. मला काडीची कल्पना नव्हती. मी एक भयानक बाई लिहिली होती आणि तिला नाव-गाव द्यायचं पुढे ढकललं होतं.

पिवळीचा आवाज मात्र कोणाचा हे आमच्या चार गावांत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तो माझ्या कमळाआत्याचा. पप्पांची थोरली बहीण. आमच्या घराला लागूनच तिचं घर आहे. आत्या धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पुढच्या एकेका विधीला एकेक गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हणणाऱ्या बाईला धवलारीण. भटजी उशिरा आला तर लोक वाट बघतात. धवलारीण उशिरा आली तर हळदीला हातच लावत नाहीत, निदान आत्याच्या तरुणपणी लावत नव्हते. आता डीजे असतो. आत्या मांडवाच्या कोपऱ्यात गाते आणि पलीकडे कोणीतरी स्पीकरमध्ये “चेक, चेक” करत असतो.

आत्याला आम्ही फसवलं नव्हतं. भुताचा आवाज हवाय, असं मी तिला सरळच सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “भूत तं भूत. आवाज तरी लांब जाईल. पन आरधा धवला सोराचा न्हाय, पुरा घ्याचा.” खाली हमालांची जेवायची सुट्टी झाली की कंटेनर थांबतात. तेवढ्या वेळात गोधड्या टांगलेल्या खोलीत आम्ही तिला बसवलं आणि पुरा धवला घेतला. हितेशने मागचे श्वास आणि खुडबूड पुसून टाकली, ओळींमधली जागा तशीच ठेवली. कापायचा कंटाळा, दुसरं काही नाही. गेम गाजल्यावर आत्या गावभर सांगत सुटली की ब्राझीलची पोरं माझ्या आवाजाला घाबरतात. मासळीवाल्या बाईकडून तिने त्या जोरावर पापलेट स्वस्तात घेतलं.

मग बंगळूरच्या एका गेम कंपनीचा फोन आला. पूर्ण गेम त्यांना जगभर काढायचा होता. त्यांच्यातर्फे आमच्याशी बोलणारा भावेश डोंबिवलीत वाढलेला, त्यामुळे बोलणं मराठीतच व्हायचं. त्याची अट एकच होती: पिवळीची जन्मकथा पाहिजे, आणि ती जबरदस्त पाहिजे. त्याने स्वतःच एक सुचवली. पिवळी ही नवरीची आत्या. मत्सराने तिने हळदीत विष कालवलं, नवरी मांडवातच मेली, आणि तेव्हापासून ती प्रत्येक नवरीला हळद लावून मारते. ऐकून हितेश म्हणाला, भारी आहे. दीक्षा म्हणाली, चालेल. खरं सांगायचं तर मलाही आवडली. मी दोन दिवसांत ती झकास लिहून काढली, आणि विष कालवतानाचा प्रसंग वाचून माझ्याच अंगावर काटा आला.

त्याच आठवड्यात रघूमामा घरी आले. शेजारच्या गावातले, नात्यातले. त्यांच्या मुलीचं, दिपालीचं, लग्न ठरलं होतं आणि हळदीला आत्याला तिने पायाशी बसून सांगितलं होतं की तूच यायचंस. मामा चहा घेताना कपाकडेच बघत होते.

“कमळाबाय, राग मानू नको,” ते म्हणाले. “पोराकरची मानसं आयकत न्हायत. व्याहीन बोलली, तिचा नातू त्यो गेम बघून रातचा उठून ररतो. भुताचा आवाज आमचे लग्नान नको, बोलली.”

मला इतका संताप आला की मी उठून उभी राहिले. आत्याने मला हाताने खाली बसवलं. “बरं,” ती म्हणाली. “पोरीला माजा आशीर्वाद सांग. आनि बिस्कूट घे, रघू, नुसता च्या नको पिऊ.”

मामा गेले. मग पडघ्याहूनही एक फोन आला, तिकडच्या लग्नालाही नको म्हणून. आत्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली.

“भूत झाल्याचं मना कायपन न्हाय,” ती म्हणाली. “पन त्यो भूत कोनाचा, त्यानं काय केलंय, त्या मना म्हाईत न्हाय. लोकं इचारतात. मी काय सांगू, तू सांग.”

उत्तर माझ्या लॅपटॉपमध्ये होतं. हळदीत विष घालणारी आत्या. ही गोष्ट एकदा बाहेर पडली असती की कमळाआत्याला पुन्हा कुठल्याच मांडवात कोणी बसू दिलं नसतं. ज्या बाईचं सगळं आयुष्य लोकांच्या हळदीला आशीर्वाद देण्यात गेलं, तिला आम्ही जन्मभरासाठी विष कालवणारी करून ठेवणार होतो. भावेशशी बोलायचं होतं सोमवारी, आणि त्याला आवडलेली गोष्ट मोडायची तर हातात दुसरी हवी. माझ्याकडे दुसरी नव्हती.

शनिवारी सकाळी मी आत्याकडे गेले ते वेगळ्याच कामाला. परदेशी खेळाडूंसाठी गाण्याचा अर्थ स्क्रीनवर द्यायचा होता, म्हणून एकेक ओळ नीट उतरून घ्यायची होती. आत्या अंगणात बोंबील निवडत होती. निवडता निवडताच गायला लागली. “खारीचे पल्यार गो, दिवा कोनी लावला.” आणि थांबली. मी पुढच्या ओळीसाठी पेन धरून बसले. शांतता. मग पुढची ओळ. पुन्हा शांतता. रेकॉर्डिंगमध्ये होती तेवढीच, तशीच.

“आत्या, इथे श्वास घेतेस का?” मी विचारलं.

“कवरा मोठा श्वास? मी काय म्हस हाय?” ती म्हणाली. “ती मैनाची जागा हाय.”

मैनाकाकी म्हणजे आत्याची जोडीदारीण. मला ती आठवते ती मांडवात आत्याच्या डाव्या बाजूला बसलेली, पानाने तोंड लाल झालेली. गेल्याच्या गेल्या वर्षी ती वारली. पण ती गाण्यात नेमकं काय करायची, हे मला कधीच कळलं नव्हतं, कारण माझ्या सगळ्या आयुष्यात डीजे चालू होता.

आत्याने मग मला सांगितलं. धवला एकटीने म्हणत नाहीत. एक बाई ओळ टाकते, दुसरी ती ओळ झेलते. आत्या म्हणायची, ‘खारीचे पल्यार गो, दिवा कोनी लावला,’ आणि मैना शेपटी उचलायची, ‘दिवा कोनी लावला.’ तेवढ्यात आत्याला पुढची ओळ आठवायला सवड मिळायची, आणि मांडवातल्या बाकीच्या बायकाही मैनाच्या मागून म्हणायच्या.

“आणि आता कोण झेलतं?”

“कोन न्हाय.”

“मग थांबतेस कशाला? पुढे जायचं ना.”

आत्याने बोंबील खाली ठेवला. “ती गेली म्हून तिची जागा मी खाऊ?”

मी पेन तिथेच टाकलं आणि पळत सुटले. चप्पल घातली नाही. गाळ्याच्या जिन्यावर एका हमालाला धडकले, त्याने “अरे दीदी, आग लगी क्या” विचारलं, मी हो म्हणाले आणि वर गेले. हितेश आणि दीक्षा वडापाव खात होते. मला धाप लागली होती, तरी मी सगळं एका दमात सांगितलं. अख्खं जग ज्या शांततेला घाबरतंय ती मैनाकाकीची जागा आहे. पिवळी कोणाचा श्वासबिस ऐकत नाही. ती ओळ टाकते आणि कोणीतरी झेलेल म्हणून थांबते.

दीक्षाने वडापाव कागदावर ठेवला. “म्हणजे ती मारायला येतच नाहीये,” ती हळूच म्हणाली. “तिला लांब एक दिवा दिसतो. तिला वाटतं, जोडीदारीण आली.”

“आणि ती विचारतेय, दिवा कोणी लावला,” हितेश म्हणाला.

“आणि तिकडून कोणी काही बोलत नाही. सगळे तोंड दाबून बसलेत.”

मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि मी तेव्हा इतकी खूश होते की उभं राहवत नव्हतं. माझी खलनायिका मला सापडली होती. गावच ओसाड पडलं, मांडव रिकामे झाले, जोडीदारीण गेली, आणि ही बाई आपला धवला पुरा करायला मांडवामांडवातून फिरतेय. अर्धा सोडायचा नाही म्हणून.

दीक्षा तोवर की-बोर्डवर होती. तिचं डोकं तापलं की ती बोलत नाही, नुसती ओठ चावते. “प्रत्येक फोनला माइक असतो,” शेवटी ती म्हणाली. “पिवळी थांबली की खेळणाऱ्याने ओळ झेलायची. मोठ्याने. झेलली तर वाचला.”

आत्याची परवानगी मागायला आम्ही तिघं मिळून गेलो. मैनाकाकीचं नाव घ्यायचं होतं, ते असं परस्पर कसं घेणार? आत्याने सगळं ऐकलं. “मैना असती तं पयली तीच खेलली असती,” ती म्हणाली, आणि पदराने नाक पुसलं. “पन झेलाचा तं नीट झेलाचा. बेसूर चालाचा न्हाय.”

तिने ते गमतीत म्हटलं नव्हतं. शनिवार-रविवार ती आमच्या खोलीत ठाण मांडून बसली. दीक्षा प्रोग्रॅमला सूर ओळखायला शिकवत होती आणि आत्या आम्हाला. हितेशने झेललं की ती म्हणायची, “कोंबरा परत आरवला.” मी झेललं तर नुसतीच खिडकीबाहेर बघायची. दीक्षाला तिने एकदा “बरी हाय” म्हटलं, तेव्हा दीक्षा इतकी फुगली की दिवसभर तेच ऐकवत होती. तिचे वडील बाळारामकाका तिला न्यायला आले, तर त्यांनी दारातूनच ओळ अशी अचूक झेलली की आत्याने त्यांना जेवूनच जा म्हणून बसवून घेतलं.

सोमवारी भावेशचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या मागे काचेचं ऑफिस, त्यात माना खाली घालून बसलेली माणसं. मी नवी गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि मान हलवली, ती नकाराची होती.

“गोष्ट चांगली आहे, मनाली. पण खलनायिकेला गुन्हा पाहिजे. भीती गुन्ह्यातून येते. रडायला कोणी गेम घेत नाही.”

“आत्तापर्यंत तिने कुठला गुन्हा केलाय?” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि हितेश टेबलाखालून पाय मारत होता. “कानपूरचा तो पोरगा कशाला घाबरून पडला? विषाला? ती नुसती गप्प बसली म्हणून पडला. आधी खेळून बघा, मग बोला.”

दीक्षाने गेम त्याच्याकडे पाठवला. त्याने हेडफोन लावले. इकडे आम्ही त्याचा चेहरा आणि कॉलवर शेअर केलेला त्याचा गेम बघत होतो. पिवळी आली, गायली, थांबली. स्क्रीनवर एकच शब्द उमटला: झेला. भावेशने मागे बघितलं. भर ऑफिसात गायचं म्हणजे काय, तो गप्प राहिला आणि मेला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा मेला. त्याच्या कपाळावर घाम आलेला आम्हाला दिसत होता. पुढच्या वेळी ती अगदी गालापाशी आली तेव्हा तो पुटपुटला, “दिवा कोनी लावला.” गेमने ऐकलं नाही. तेव्हा त्या माणसाने डोळे मिटले आणि काचा हलतील अशा आवाजात, ऐकलेल्या सुरात म्हटलं, “दिवा कोनी लावला!”

मागची सगळी डोकी वर आली. पण भावेशचं तिकडे लक्ष नव्हतं. पिवळीचे गालाकडे आलेले हात खाली गेले होते. ती त्याच्याकडे बघत होती. मग तिने त्याच्या हातातला दिवा घेतला, वळली आणि पुढची ओळ गात पुढे चालायला लागली, त्याला वाट दाखवत.

भावेश खेळत राहिला. आम्ही कॉलवर आहोत हे तो विसरूनच गेला होता. मागची दोघं-तिघं त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि थोड्या वेळाने तीही त्याच्यामागून झेलायला लागली, वाट्टेल त्या सुरात. विषाची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. मी लॅपटॉपमधून ती त्याच दुपारी पुसून टाकली, आणि हाताने डिलीट दाबताना फार बरं वाटलं.

काही महिन्यांनी गेम बाहेर पडला आणि मग जे झालं ते सांगताना माझी अजून धांदल उडते. मनिलातली पोरं झेलतायत. पोलंडमधली एक बाई स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता झेलतेय. गेमच्या शेवटी पिवळीची ओळख येते: ही धवलारीण, हिची जोडीदारीण मैना, हिचा धवला पुरा व्हायचा आहे. एका व्हिडिओखाली कोणी लिहिलं होतं, मला वाटायचं ती मला शोधतेय, म्हणून मी पळत होतो. आम्ही एकेक व्हिडिओ आत्याला दाखवत होतो आणि टाळ्या पिटत होतो. तिने सगळे बघितले.

“झ्याक हाय,” ती म्हणाली. “यात मानकोलीचं कोन हाय?”

आमच्या टाळ्या थांबल्या. दिपालीची हळद चार दिवसांवर आली होती आणि रघूमामांचा फोन आला नव्हता. सगळं जग झेलत होतं आणि आत्याला मांडव नव्हता. मी मामांना फोन करणार होते, पण आत्याने शपथ घातली. मागून मिळालेल्या पाटावर मी बसणार नाही, असं तिचं म्हणणं.

फोन शेवटी दिपालीनेच केला, मला. ती इतकी हसत होती की मला आधी काही कळेना. झालं होतं असं: नव्या गेममध्ये ती बाई वाईट नाही, हे आईला पटवायला नवऱ्यामुलाने तिच्या हातात फोन दिला. भुताचा आवाज नको म्हणणारी ती हीच सासू. चष्मा लावून ती सोफ्यावर बसली, कपाळाला आठ्या. पिवळी लांबून गायली आणि थांबली. स्क्रीनवर ‘झेला’ उमटायच्या आत बाईने झेललं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. लहानपणी मांडवात ती आजीच्या मागून झेलायची, ते तिच्या गळ्यातून आपोआप आलं. पुढची ओळ आली, तीही झेलली. पिवळीला तिच्यासमोर यावंच लागलं नाही. एकदाही न मरता बाईने अख्खा गेम पार केला. शेवटी मैनाचं नाव आलं तेव्हा ती चष्मा काढून म्हणाली, “ही कमळा न्हाय का, पल्यारचे गावची? हिला कोन नको बोलला?”

“तूच बोललीस, आई,” मुलगा म्हणाला.

“मना म्हाईत नवता, तिची जोडीन गेली ती,” बाई म्हणाली, आणि तिने स्वतः रघूमामांना फोन लावला.

मामा पुन्हा आले. या वेळी नारळ घेऊन. आत्याने त्यांना थोडा वेळ उगाच उभं ठेवलं, मग पाट दिला.

हळदीच्या दिवशी दुपार टळायच्या सुमारास आम्ही पोचलो. मांडव भरला होता. मुलाकडची उष्टी हळद घेऊन त्यांच्याकडच्या बायका आल्या होत्या आणि पुढेच ती सासूबाई बसली होती, नाकात नथ, मांडीवर तो रडका नातू. मागे पोरांचा घोळका, हातात फोन, डोळे आत्यावर. खरी पिवळी आली म्हणून त्यांच्यात ढकलाढकली चालली होती. डीजेवाला “चेक, चेक” करायला लागला, तर त्याला त्याच्याच बायकोने बंद करायला लावलं.

आत्या दिपालीसमोर बसली. डावीकडची जागा तिने सवयीने सोडली होती. हळदीच्या वाटीवर हात ठेवून तिने गळा साफ केला आणि ओळ टाकली.

“खारीचे पल्यार गो, दिवा कोनी लावला.”

आणि थांबली. पहिली उचलली ती सासूबाईने, आणि तिच्या मागून साऱ्या मांडवाने. बायकांनी, पोरांनी, मामांनी, हितेशच्या कोंबड्यानेसुद्धा. “दिवा कोनी लावला.” मांडवाचं कापड थरथरलं असेल असं मला वाटलं.

आत्या पुढे गेलीच नाही. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. दोन वर्षं ती ती जागा रिकामी सोडून पुढे जात होती, आणि आज तिथून आवाज आला तशी ती पुढची ओळच विसरली. मला ती ओळ पाठ होती. मीच तिचा अर्थ लिहिला होता. पण मी सांगितली नाही. कोणीच सांगितली नाही. सगळा मांडव तिच्यासाठी गप्प बसून राहिला.

तिने पदराने डोळे पुसले, हळदीचा हात गालाला लागला आणि एक गाल पिवळा झाला. मग ती पोरांच्या घोळक्याकडे वळली.

“सूर कुठं चाललाय तुमचा?” ती म्हणाली. “मैना असती तं कान पकरले असते. परत घ्या.”

आणि तिने पहिली ओळ पुन्हा टाकली. या वेळी थांबली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले, आणि डावीकडची जागा रिकामी नको म्हणून सासूबाई नातवाला कडेवर घेऊन तिथे सरकून बसली.